फायबरच्या बोटीतली तीच फिटिंग दर मोसमात का गळते, आणि कडक चिकट सीलंटने ती का थांबत नाही

नाळीकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, क्लीट (दोर बांधायची खुंटी), रेलिंगचा पाया, इंजिनाच्या बोल्टची भोकं, ड्रेन प्लगची चकती. फायबरच्या बहुतेक बोटींत गळती यांपैकीच कुठून तरी सुरू होते. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात घालायच्या आधी कडेने पांढरं सीलंट फासलं जातं आणि दिवाळीपर्यंत सगळं कोरडं राहतं. मग कुठेतरी ओल दिसते आणि उन्हाळ्यापर्यंत पुन्हा पाणी उपसायची वेळ येते. पुढच्या वर्षी कोणीतरी सांगतं, "साधं सीलंट काय कामाचं, ते परदेशी कडक लाव, परत बघायला नको." तेही लावून होतं. एक-दोन मोसम निघतात, पुन्हा तीच ओल दिसते, आणि आता ती फिटिंग काढायला गेलं तर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराचा, पापुद्राच हातात येतो.

मालवण-तारकर्लीच्या स्कूबा बोटी, अलिबाग-मांडव्याकडच्या हौशी बोटी, गोव्यातल्या पर्यटकांच्या बोटी आणि आउटबोर्ड लावलेल्या मासेमारीच्या लहान होड्या या सगळ्यांचं हे दुखणं एकच आहे. बहुतेक वेळा सीलंट कमी ताकदीचं होतं म्हणून गळती परत येत नाही. फिटिंग हलत असते, खालचा पृष्ठभाग मळलेला किंवा ओला असतो, किंवा सीलंट फिटिंगच्या खाली जायच्या ऐवजी फक्त कडेला फासलेलं असतं. यातलं काहीही तसंच राहिलं तर जगातलं सगळ्यात चिवट सीलंटसुद्धा फक्त तारीख पुढे ढकलतं.

आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा

थेंब जिथे पडतो तिथूनच पाणी आत येतं असं धरून चालू नका. डेकच्या दोन थरांमध्ये शिरलेलं पाणी उताराने दोन-तीन फूट सरकतं आणि भलत्याच स्क्रूच्या भोकातून बाहेर पडतं. आतल्या अस्तरामुळे तर ते आणखी लांब जातं.

गळणारा थेंब खारा आहे की गोडा, हे पहिल्यांदा पाहा. बोट पाण्यात उभी असताना, पाऊस नसताना खारं पाणी साचत असेल तर वाट पाण्याच्या रेषेच्या खाली किंवा तिच्या आसपास आहे: ड्रेन प्लग, ट्रान्सड्यूसरचे (पाण्याची खोली मोजणाऱ्या सेन्सरचे) स्क्रू, बुडातून आरपार जाणारी नळी. पावसानंतरच ओल दिसत असेल तर डेककडे बघा. फक्त वेगात किंवा लाटांत पाणी येत असेल तर ते डेक आणि बुडाचा जोड, बोटीच्या कडेच्या रबर बीडिंगखालचे स्क्रू किंवा इंजिनाच्या बोल्टमधून येण्याची शक्यता जास्त.

बुडाकडची गळती शोधायला बोट जमिनीवर असताना आतून चार बोटं पाणी भरून बाहेरून बघणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. आधी बुडाला नीट आधार द्या आणि पाणी जास्त भरू नका, कारण एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. बाहेरून बूड पुसून कोरडं करा आणि थांबा. अर्ध्या तासात ओलसर डाग उमटतो आणि जागा कळते. डेकसाठी एक माणूस आत बॅटरी घेऊन बसवा आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावं. खालून वर जायचं, एका वेळी एकाच फिटिंगवर, आणि घाई न करता. सुरुवातीलाच सगळ्या डेकवर पाणी ओतलंत तर काहीच कळत नाही.

तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप लावला की बोट कोरडी दिसते, पण गळती चालूच असते. पंप किती वेळा चालू होतोय याकडे लक्ष ठेवा.

परत परत का गळतं

पहिलं कारण हालचाल. दोर ताणला गेला की क्लीटवर खेच येते, रेलिंगला धरून माणसं चढतात, इंजिन थरथरतं. फिटिंगच्या खाली नुसता लहान वॉशर असेल तर खालचं फायबर प्रत्येक खेचीला थोडं वाकतं. सीलंटचा थर अर्धा मिलिमीटरचाच असेल तर त्याला ताणायला जागाच नसते आणि तो एका कडेने सुटतो. फिटिंगभोवती जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसत असतील तर हीच गोष्ट चालू आहे. अशा ठिकाणी सीलंट बदलून उपयोग नाही, आधी खालून आधार द्यावा लागतो. ॲल्युमिनिअमची किंवा जाड फायबर पत्र्याची बॅकिंग प्लेट, फिटिंगच्या पायापेक्षा सर्व बाजूंनी मोठी, कडा गोल केलेली. एवढ्या एका गोष्टीने अनेक 'न बऱ्या होणाऱ्या' गळत्या थांबतात.

दुसरं कारण, नट पहिल्याच झटक्यात पूर्ण आवळणं. आवळताना सगळं सीलंट बाहेर येतं, कारागीर ते बोटाने पुसतो, काम देखणं दिसतं आणि फिटिंगच्या खाली जवळजवळ काहीच उरत नाही.

तिसरं, जुनं सिलिकॉन. बाथरूमसाठी मिळणारं साधं सिलिकॉन बोटीवर सर्रास वापरलं जातं. ते जेलकोटला फार घट्ट धरत नाही, आणि खरवडून काढल्यावरही त्याचा न दिसणारा तेलकट थर मागे राहतो. त्यावर पॉलियुरेथेनचं सीलंट चिकटत नाही, रंग बसत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड बसत नाही. तुमचं महागडं सीलंट सहा महिन्यांत सोललं जात असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या.

चौथं कारण सगळ्यात वाईट. फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड कुजलेलं असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

कडक चिकट सीलंट म्हणजे काय, आणि ते कुठे लावायचं

थ्रीएम ५२०० हे यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव. तो एकाच नळीत येणारा पॉलियुरेथेन आहे, हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. साध्या प्रकाराला वरून कोरडं व्हायलाच सुमारे ४८ तास लागतात आणि पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा. फास्ट क्युअर प्रकार दिवसभरात तयार होतो. कंपनी स्वतःच त्याला कायमचा जोड म्हणते, आणि ते अक्षरशः खरं आहे. जेलकोट आणि त्याखालचं फायबर यांची पकड जेवढी, त्याहून याची जेलकोटवरची पकड जास्त निघू शकते. म्हणून जबरदस्ती केली की सीलंटच्या आधी जेलकोट सुटतो.

त्यामुळे वापरायच्या आधी एकच प्रश्न विचारा: ही वस्तू मला पुन्हा कधी काढावी लागेल का? डेक आणि बुडाचा कायमचा जोड असेल तर खुशाल वापरा, तिथे त्याच्यासारखं दुसरं नाही. क्लीट, रेलिंग, विंच, झाकणाची चौकट, दिव्याचा पाया, पंपाची नळी, इंजिनाचे बोल्ट या सगळ्या गोष्टी आज ना उद्या काढाव्याच लागतात. तिथे माझ्या मते ५२०० वापरूच नये. बोल्टनी धरलेल्या वस्तूला धरून ठेवायचं काम बोल्टचं. सीलंटने फक्त पाणी अडवायचं.

या जागांसाठी त्याच घरातलं पण कमी पकडीचं ४२००, किंवा सिकाफ्लेक्स २९१ च्या जातीचं सीलंट पुरतं. पाण्याच्या रेषेखालच्या बोल्टवाल्या फिटिंगलाही ते चालतं. डेकवरच्या, पाण्यात न बुडणाऱ्या फिटिंगसाठी ब्यूटिल टेप फार चांगली. ती कधीच कडक होत नाही, हालचालीबरोबर ताणली जाते आणि दहा वर्षांनीही फिटिंग सहज निघते. छपराच्या गळतीसाठी ॲल्युमिनिअमच्या पत्रीवर चिकटवलेली जी टेप बाजारात मिळते ती ही नव्हे. दोन्ही बाजूंनी चिकट, पत्री नसलेली पट्टी हवी. पाण्याच्या रेषेखाली आणि पेट्रोल-डिझेलचा संबंध येतो तिथे मात्र ब्यूटिल नको.

पॉलिसल्फाइड सीलंट लाकडावर आणि धातूवर उत्तम चालतं, पण ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस अशा प्लास्टिकला ते खातं, त्यांना तडे जातात. खिडकीच्या काचा प्लास्टिकच्या असतील तर हे लक्षात ठेवा. आणि एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी आणीबाणीत भोक बुजवायला हाताशी असावीच, पण ती कडक होते. हलणाऱ्या फिटिंगखाली ती वाकत नाही, तडकते.

आधीच कडक सीलंट लावलेली फिटिंग काढायची असेल तर

पहार घालून उचकटू नका. बहुतेक नुकसान इथेच होतं.

आधी सगळे नट-बोल्ट काढा. बाहेर आलेली कड धारदार पात्याने फिटिंगच्या बुडापर्यंत कापून घ्या. मग धातूची फिटिंग हीट गनने गरम करा. फायबर तापवायचं नाही, धातू तापवायचा, म्हणजे उष्णता धातूतून सीलंटपर्यंत जाते. शेजारच्या जेलकोटवर हात ठेवून बघत राहा. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं की थांबा. फायबरचं साधं पॉलिएस्टर रेझिन जास्त उष्णतेने मऊ पडतं आणि जेलकोट पिवळा होऊन फुगतो. हे करण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या बोटीतून बाहेर काढा आणि बूड वाऱ्याला मोकळं ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. यात तडजोड नको.

गरम असतानाच पुट्टीची पातळ, वाकणारी पत्री एका कोपऱ्यातून आत सरकवा, पत्रीची धार जेलकोटपासून किंचित वर ठेवून. वाट झाली की पातळ स्टीलची तार किंवा गिटारची तार दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधून करवतीसारखी ओढा. सीलंट हळूहळू कापलं जातं. त्याला वेळ लागतो, तो द्या. डीबॉंड म्हणून मिळणारं सीलंट सैल करणारं द्रावण असेल तर कापलेल्या फटीत फवारून थोडा वेळ मुरू द्या आणि पुन्हा तार चालवा. मोठी फिटिंग असेल तर लाकडी पाचर हलक्या हाताने बसवून ताण धरून ठेवा आणि तारेला काम करू द्या.

वस्तू निघाल्यावर जेलकोटवरचा थर पात्याने खरवडा, उरलेला पॉलिश पेपरने. प्लास्टिकची फिटिंग कडक सीलंटने बसवलेली असेल तर ती वाचवायच्या मागे लागू नका. ती कापून काढा, नवी आणा, जेलकोट वाचवा.

भोकाची तपासणी

आता भोकात बोट किंवा वाकवलेली तार घालून बघा. लाकूड कोरडं, टणक आणि फिकट हवं. तपकिरी पाणी, भुसा किंवा वास आला तर पाणी आत पोचलंय. आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक जागी खणखणीत आवाज येतो, पोचट जागी बद्द. बद्द आवाज जिथपर्यंत येतो तिथपर्यंत खडूने रेघ मारा. वीतभर असेल तर भोकं उकरून, सुकवून दुरुस्ती होते. त्याहून मोठी असेल तर वरचा थर कापून आतलं लाकूड बदलावं लागतं, आणि ते फायबरचं काम येणाऱ्या कारागिराचंच काम आहे.

आपल्याकडच्या पुष्कळ लहान बोटींचं बूड एकाच थराचं असतं, आत लाकूड नसतं. पण ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगलं जातं ती मागची आडवी भिंत, तिच्यात बहुधा प्लायवूड असतं. त्या प्लायवूडमधून आउटबोर्डचे बोल्ट, ड्रेन प्लगचे स्क्रू, शिडीचे आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू सगळेच जातात. यातल्या एका स्क्रूच्या भोकातून गेलेलं पाणी हळूहळू सगळी भिंत पोखरू शकतं. इंजिन वर उचललेल्या स्थितीत धरून हळू वरखाली हलवा आणि भिंतीकडे बघा. भिंत वाकताना दिसली किंवा स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, तर सीलंटची नळी खाली ठेवा. त्या भिंतीवर इंजिनाचा सगळा जोर येतो. कुजलेली भिंत सीलंटने झाकून समुद्रात जाणं धोक्याचं आहे, विशेषतः प्रवासी घेऊन.

लाकूड टणक असेल तर भोकाला इपॉक्सीचं अस्तर द्या. आठ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक बारा-चौदा मिलिमीटर करा, आतलं लाकूड वाकवलेल्या ॲलन कीने कडेने थोडं आणखी उकरा, खालून टेप लावून बंद करा. आधी पातळ इपॉक्सी चोळा, म्हणजे लाकूड ते पितं, मग एरोसिल (सिलिकाची अतिबारीक पूड) घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. पक्कं झालं की मधोमध पुन्हा आठचं भोक पाडा. आता बोल्ट आणि लाकूड यांच्यात इपॉक्सीची भिंत आहे. पुढे सीलंट सुटलं तरी पाणी आत खाली गळेल, लाकडात मुरणार नाही. या कामाला पॉलिएस्टर रेझिन वापरू नका. ते आकसतं आणि जुन्या लाकडाला तितकं धरत नाही.

पुन्हा बसवताना

पृष्ठभाग आधी द्रावणाने पुसा, मग पॉलिश पेपर मारा, मग पुन्हा पुसा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच घासलं तर मेण आणि सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं. पुसायला ॲसिटोन घ्या आणि ते पूर्ण उडू द्या. एका फडक्याने ओलं पुसायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उचलायचं. मग थोडं स्वच्छ पाणी शिंपडून बघा. पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ. थेंब गोळा होऊन मागे सरकले तर तिथे अजून सिलिकॉन आहे, पुन्हा घासा. चाचणी झाल्यावर जागा पूर्ण सुकवा. पॉलियुरेथेनच्या खाली पाणी राहिलं तर रासायनिक क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे धरतात. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र ओल्या पॉलियुरेथेनजवळ नेऊ नका, कडा पुसायलाही नाही. त्याने ते पक्कं होण्याची क्रियाच थांबते आणि थर चिकट, मऊ राहतो. "नळी खराब निघाली" अशा तक्रारींत हे कारण पुष्कळदा असतं.

भोकाची वरची कड काउंटरसिंक बिटने थोडी उतरती करा. त्या खोबणीत सीलंटचं कडं तयार होतं आणि बोल्टभोवती घट्ट बसतं. जेलकोटची कड तडकायचीही टळते. मास्किंग टेप लावा, फिटिंगच्या बुडाला सगळीकडे सीलंट लावा, बोल्टच्या डोक्याखाली आणि दांड्यावर लावा. खाली, नटकडे, लावू नका. वरून चुकून पाणी आलं तर ते आत टपकलेलं दिसायला हवं. खालून बंद केलंत तर ते डेकमध्येच साचेल. तसं साचलेलं पाणी स्टेनलेस स्टीलच्या बोल्टलाही खातं, कारण हवा न लागता ओलं राहिलेलं स्टेनलेस फटीतून गंजतं. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. पाण्याच्या रेषेखाली पितळ नको, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि ते ठिसूळ होतं. तिथे कांसं हवं.

आवळायला दोन माणसं लागतात. वरचा बोल्टचं डोकं स्थिर धरतो, खालचा नट फिरवतो. बोल्ट फिरला तर भोवतालचं सीलंट फाटतं. चारही कडांनी सारखं सीलंट बाहेर येईपर्यंतच आवळा आणि थांबा. खाली मिलिमीटरभर थर राहिला पाहिजे. पक्कं झाल्यावर नट पाव फेरा आवळा. ब्यूटिल टेपची रीत वेगळी: ती सावकाश पसरते, म्हणून दोन-तीन दिवसांत थोडं थोडं आवळत जायचं आणि बाहेर आलेली कापायची.

आपल्या हवेत

कोकणच्या दमट हवेत पॉलियुरेथेनवर साय लवकर धरते. वरून कोरडं दिसतं म्हणून बोट पाण्यात ढकलू नका, आतला थर अजून ओला असतो. मोठ्या फिटिंगच्या मध्यापर्यंत ओलावा पोचायला दिवस लागतात. भर दुपारी तापलेल्या डेकवर काम करण्यापेक्षा सकाळी, दव पूर्ण सुकल्यावर करा. उघडलेली नळी पुढच्या मोसमासाठी ठेवून उपयोग होत नाही, ती आतून घट्ट होते. म्हणून सगळ्या फिटिंगची तयारी आधी करून एकाच दिवशी सगळ्या बसवा.

महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि बोटी शाकारलेल्या असतात तेव्हाच दुरुस्ती करायचा मोह होतो. लाकडाची तपासणी, भोकं उकरणं, जुनं सीलंट काढणं हे छपराखाली त्या काळात जरूर करा. पण पावसाळी हवेत भोकातलं लाकूड सुकत नाही. इपॉक्सी भरायच्या आधी बल्ब किंवा पंखा लावून ते दोन-चार दिवस खरोखर सुकवा. ते जमत नसेल तर मेमध्येच, पाऊस लागायच्या आत, काम उरका.

बोट पाण्यात घातल्यावर पहिल्या तासात प्रत्येक नव्या फिटिंगखाली कोरडं वर्तमानपत्र चिकटवून बघा, ओल लगेच कळते. एक-दोन लाटांतल्या फेऱ्यांनंतर पुन्हा बघा आणि नट हाताने तपासा. उभ्या बोटीत कोरडी असलेली फिटिंग लाटांत ओली होत असेल, तर ती अजून हलते आहे. तिथे वरून आणखी सीलंट फासू नका. खाली जाऊन बॅकिंग प्लेट पुरेशी मोठी आहे का, ती फायबरला सगळीकडे टेकली आहे का, ते बघा. वाकड्या पृष्ठभागावर सरळ प्लेट दोनच टोकांवर टेकते. मधली पोकळी घट्ट इपॉक्सीने भरून ती पुन्हा बसवा.